चिकटपट्टी लावलेली खिडकी

सातवीण फुलली हे मला झाडाकडे बघून कधीच कळत नाही. आधी उजव्या भुवईच्या वरची शीर उडायला लागते. मग मी मान वर करून बघते, तर खरंच, पोपटी-पांढरे गुच्छ लागलेले असतात. नवरात्र आटोपलेलं असतं, पाऊस गेलेला असतो आणि थंडीचा अजून पत्ता नसतो. ठाण्यात, माजिवड्याच्या आतल्या बाजूला ज्या सोसायटीत माझं क्लिनिक आहे, तिथे कुणा हौशी सेक्रेटरीने पूर्वी कधीतरी कंपाउंडच्या कडेने ओळीने सातविणी लावून घेतल्या. झाड भराभर वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, सावली दाट. एवढं बघूनच लावल्या असणार. वासाचा विचार कुणी केला नसणार. दुपारी चारपर्यंत काही जाणवत नाही. पाच वाजले की तो वास उठतो आणि चौथ्या मजल्यावर माझ्या खोलीत येऊन ठाण मांडतो. काही लोकांना तो फार आवडतो म्हणे. आवडो बापडा. माझी अर्धशिशी त्याचं बोट धरून येते आणि डिसेंबर लागेपर्यंत माहेरपणाला आल्यासारखी राहते.

यंदा क्लिनिकची खिडकी उघडी आहे. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात ती बंद होती. नुसती बंद नव्हे. पार्सलला लावतात ती रुंद तपकिरी चिकटपट्टी आणून मी स्वतः स्टुलावर चढून तिच्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या. वर पडदा ओढला होता. एसी चोवीसवर. काम फत्ते झाल्यावर मी खोलीच्या मधोमध उभी राहून खोल श्वास घेतला होता आणि वास येत नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती. त्या डबाबंद खोलीत बसून मी माणसांना मोकळं करण्याचा उद्योग करत होते. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

उद्योगाबद्दल थोडं सांगायला हवं. मी मनाच्या दुखण्यांवर इलाज करते. गोळ्या देणारी नव्हे, बोलणारी. खरं तर ऐकणारी. शिकले ती विद्या असं सांगते की, माणूस लहानपणच्या घरात जे सोसतो ते मोठेपणी नव्या माणसांबरोबर पुन्हा घडवून आणतो, समोर बसलेल्या माझ्याबरोबरसुद्धा. म्हणून त्याच्या तोंडून सहज निसटलेला शब्द सोडायचा नाही, त्याच्या मागे मागे जायचं. दुसरी गोष्ट मला उशिरा, चाळिशीत सापडली. बुद्धाने सांगितलेली ध्यानाची बैठक. श्वास बघायचा. मध्येच विचार आला, आवाज आला, खाज आली, तर ‘आलं’ एवढी मनात नोंद करायची; ओढून घ्यायचं नाही, ढकलायचं नाही, पुन्हा श्वासाकडे यायचं. तिने मला स्वतःला फार सावरलं होतं, त्यामुळे मी ती माझ्या कामात आणली. प्रत्येक भेटीची पहिली दहा मिनिटं दोघांनी डोळे मिटून बसायचं. सुरुवातीला आणि शेवटी मी काशाची वाटी वाजवायचे. आईची, तळपायाला खोबरेल तेल लावून चोळायची जुनी वाटी. तिचा नाद मोठा छान, लांब जाणारा. कुणी विचारलं, ही तिबेटहून आणली का, तर मी नुसती हसायचे.

एका विद्येने म्हणायचं, शब्दाच्या मागे जा. दुसरीने म्हणायचं, जाऊ दे, श्वासाकडे ये. दोघी एका घरात कशा नांदणार हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण माझं बरं चाललं होतं.

मंदार त्या वर्षी श्रावणात आला. त्याचं नाव मंदार नाही. हे लिहिण्याआधी मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “लिहा की मॅडम. फक्त नाव बदला. केमिकलचं पण नाव बदला. आणि मी रडलो असं लिहू नका, कारण मी रडलेलो नाही.” केमिकलचं नाव मी लिहीतच नाही आणि तो रडला नव्हता हे खरं आहे.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो शिफ्ट केमिस्ट. वय चाळीस, बायको बँकेत, मुलगी सहावीत. राहायलाही डोंबिवलीतच, पण माझ्याकडे ठाण्यापर्यंत यायचा. “तिकडे कुणी पाहिलं तर? आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाचा साडू दुसऱ्या गल्लीत राहतो,” असं त्याचं म्हणणं. मीही डोंबिवलीचीच, आणि मीही त्याच कारणाने क्लिनिक ठाण्यात घेतलं आहे.

त्याला कोंडलेल्या जागेची भीती होती. लिफ्टमध्ये जात नसे, बाथरूमची कडी लावत नसे, कारखान्यात मास्क चढवला की घुसमटून घाम फुटे. माझे चार मजले तो जिन्याने चढून यायचा आणि दाराजवळच्या खुर्चीत टेकायचा. मी त्याला श्वास बघायला शिकवलं. आणि काय सांगू, दीड महिन्यात हा माणूस असा काही बसायला लागला की बघत राहावं. पापणी हलायची नाही. पाठीचा कणा सरळ. एवढा गुणी विद्यार्थी मला मिळाला नव्हता. माझी आई तीस वर्षं शाळेत शिकवत होती. शांत बसणारं मूल म्हणजे हुशार मूल, हे तिचं खूळ माझ्याही रक्तात उतरलं असावं. शनिवारी पाच वाजता त्याची वेळ असायची आणि मी त्या पाचची वाट बघायचे.

चिकटपट्टी लावली त्यानंतरच्याच शनिवारची गोष्ट. वाटीचा नाद विरला, आम्ही डोळे मिटले. बाहेर सातवीण ऐन भरात होती; फटी बुजवूनही जिन्यातून, दाराखालून थोडा वास आलाच होता आणि माझं डोकं ठणकत होतं. पाचएक मिनिटांनी मंदार हळूच म्हणाला,

“मॅडम, रॉकेलचा वास येतोय.”

मी डोळे न उघडता, त्या कामासाठी माझा जो एक मऊ आवाज आहे त्यात म्हटलं, “वास येतोय, एवढंच नोंदवा. ओढू नका, ढकलू नका. श्वासाकडे परत या.”

तो परत आला. आज्ञाधारक माणूस. शेवटची वाटी वाजली, मग आम्ही त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो. खोलीत रॉकेल कुठून येणार, आजकाल रॉकेल असतं तरी कुठे, हे मी विचारलं नाही. तो गेल्यावर वहीत लिहिलं: आज ध्यान खोल लागलं.

का विचारलं नाही, याचं प्रामाणिक उत्तर डोंबिवलीच्या घरात होतं. तिथेही खिडकी बंदच असायची. वारा फिरला की एमआयडीसीचा उग्र दर्प येतो म्हणून. त्या खोलीत आई पलंगावर होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती स्वतःच्या पायाने दारापर्यंत गेली नव्हती. मी एकटी, ती एकटी. दिवसा एक बाई यायच्या आणि मी पोचले की पिशवी उचलून निघायच्या. मग बेडपॅन, गोळ्या, मऊ भात, कूस बदलणं, आणि तिच्या सूचना. पोळी जाड आहे. टीव्ही मोठा कर. एवढा नको. तू लग्न केलं असतंस तर आज मला जावई असता. आणि एकदा:

“माझी काशाची वाटी कुठे आहे गं? बाईंना म्हटलं तळवे चोळा, तर मिळेचना.”

“क्लिनिकमध्ये नेलीय.”

“तिथे कुणाचे तळवे चोळतेस?”

मी हसले. मनात नोंद केली: चीड. चीड येतेय. श्वास. चीड गेली, निदान मला तसं वाटलं. त्या दिवसांत मी आईवर एकदाही आवाज चढवला नव्हता आणि याला मी माझी साधना समजत होते. आई मात्र छताकडे बघत म्हणाली, “पूर्वी चिडायचीस तेव्हा बरं वाटायचं. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.” मी तिची उशी सारखी केली आणि दिवा मालवला.

सातवीण गळायला लागली नव्हती, तोवर पुढचा शनिवार आला. मंदार आला, बसला आणि हसतमुखाने म्हणाला, “मॅडम, एक गुड न्यूज. मी अजिबात घाबरलो नाही.”

“कशाला?”

“बुधवारी सेकंड शिफ्टला होतो. संध्याकाळी राऊंडला गेलो तर पंपाजवळ वास. सॉल्व्हंटचा. आधी छातीत धस्स झालं, मग तुमचं आठवलं. वास येतोय, वास येतोय, असं नोंदवत उभा राहिलो. एकदम शांत, मॅडम. इतकं शांत मला कधीच वाटलेलं नाही.”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. “मग?”

“मग कदम आला मागून. ऑपरेटर आमचा. तो ओरडला आणि धावत जाऊन त्याने व्हॉल्व्ह बंद केला. त्याच्या तोंडावर आलं थोडं. डोळे, घसा. दोन दिवस ॲडमिट होता, आज घरी सोडला.” हसू अजून चेहऱ्यावरच होतं, पण ते तिथे राहून गेल्यासारखं. “बघायला गेलेलो मी. कदम काय बोलला माहितीय? साहेब, तुम्ही तिथे उभे होतात ना?”

शिफ्ट केमिस्टचं नाक ही त्या जागेची पहिली घंटा असते. यंत्रं असतातच, पण ज्याने वीस वर्षं त्या हवेत काढली आहेत त्याला यंत्राच्या आधी कळतं, आणि कळलं की त्याने ओरडायचं असतं. मी त्या माणसाला कळलेलं असूनही उभं राहायला शिकवलं होतं. कदमचे डोळे शाबूत राहिले हे नशीब. माझं, मंदारचं, त्या आळीत राहणाऱ्या सगळ्यांचं. पुढच्या वेळी वास आला तर हा माणूस हलेल का? त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना. आणि त्या दिवशी मी त्याला धड काहीच बोलू शकले नाही. कामावर सुट्टी घ्या, एवढं म्हटलं. तो म्हणाला, बरं मॅडम.

आमच्या धंद्यात माझ्या वयाच्या बाईलाही कुणातरी मोठ्यापाशी जाऊन आपलं काम उलगडून दाखवावं लागतं. माझे सर पाचपाखाडीत राहतात, सत्तरी ओलांडलेले, ध्यानाबिनावर फारसा विश्वास नसलेले. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं. रॉकेलच्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला.

“इथे थांब. तो रॉकेल म्हणाला. तू काय केलंस?”

“श्वासाकडे यायला सांगितलं.”

“तुला ऐकायचं नव्हतं. म्हणून त्याच्या हातात श्वास दिलास. रडणाऱ्या पोराच्या हातात बिस्किट देतात तसा.” मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “आणि ती वाटी कुणाची गं?”

“आईची.”

“तिला विचारून आणलीस?”

मी वही मिटली. पाचपाखाडीतून स्टेशनपर्यंत चालत आले. सगळ्या रस्त्याला तोच वास होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ध्यान खोटं नव्हतं, आजही मी ते खोटं मानत नाही. पण गप्प राहण्याची ज्याला आधीच सवय लागली आहे, त्याला मी गप्प राहण्याचं आणखी एक कारण पुरवलं होतं, तेही बुद्धाच्या नावावर. आणि हे त्याच्या बाबतीत मला दिसलं नाही, कारण मीही घरी तेच करत होते.

त्यापुढच्या शनिवारी मी वाटी कपाटात ठेवली. मंदारला ती दिसेना, तेव्हा तो जरा बावरला.

“आज बसायचं नाही?”

“नाही. आज मला विचारायचंय. त्या दिवशी तुम्ही रॉकेलचा वास येतोय म्हणालात. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ती चूक माझी. कुठला वास होता तो?”

तो एसीकडे वळून बसला. मग सांगायला लागला तेव्हा त्याचा आवाज एकसुरी होता, धडा वाचून दाखवावा तसा. डोंबिवलीतली चाळ. एक खोली, मध्ये जुन्या साडीचा पडदा. वय सात. वडील दोन-दोन महिने घरी येत नसत. एका संध्याकाळी पडद्यापलीकडे आई स्टोव्हजवळ बसली होती आणि मांडीवर रॉकेलचा डबा होता. झाकण उघडलेलं. तिने काही केलं नाही, नुसती बसून होती. हा पडद्याअलीकडे पाढे लिहीत होता. वास आला. याला सगळं कळलं. आणि हा हलला नाही.

“हललो तर ती करेल असं वाटलं, मॅडम. मी श्वास पण हळूहळू घेत होतो. मग समोरच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांनी डबा काढून घेतला. आईला मिठी मारून बसल्या. मला बोलल्या, किती शांत पोरगं आहे, नाहीतर दुसरं असतं तर केवढा गोंधळ घातला असता.”

त्याची आई आज आहे, नातीला शाळेत सोडते. ती गोष्ट त्या घरात पुन्हा कुणी काढली नाही.

मी त्याला म्हणाले की सात वर्षांच्या मुलाने आणखी काही करायला हवं होतं असं नाही. तेवढंच त्याच्या हातात होतं. आणि मग जे म्हणायला हवं होतं ते म्हणाले. “इथेही तुम्ही तसंच शांत बसत होतात. आणि मी त्या काकूंसारखी तुम्हाला शाबासकी देत होते.”

तो एकदम माझ्याकडे वळला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा लाल झालेला मी पाहिला.

“मॅडम, एक सांगू का? ती खिडकी. तुम्ही ती टेप लावली ना, ती मी आल्या आल्या पाहिलेली. पडद्याच्या खालून दिसते. मला बंद खोलीत श्वास घेता येत नाही म्हणून मी येतो इथे, आणि तुम्ही टेप लावता? दारापर्यंत सहा पावलं आहेत, दर वेळी मोजतो मी. डोळे मिटून तेच मोजत असायचो. श्वासबीस काही नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं का?” हे तो ओरडून म्हणाला. भिंतीपलीकडच्या दातांच्या डॉक्टरांना नक्की ऐकू गेलं असणार.

मी काहीतरी समजूतदार बोलायला तोंड उघडलं. पण तो उठलाच होता. खुर्ची मागे सरली, त्याने पडदा ओढला आणि नखांनी चिकटपट्टीचं टोक शोधायला लागला. ते सापडेना. पुटपुटत शिवी दिली. मग सापडलं, आणि चर्रर्र करून त्याने ती एका दमात उपटली. ॲल्युमिनियमचा रंगही थोडा निघाला. दुसरी. तिसरी. मी जागेवर बसून होते. मला कुठलीच नोंद करावीशी वाटत नव्हती. खिडकी सरकली आणि सातवीण भसकन आत आली, सगळ्याच्या सगळी, ऑक्टोबरच्या उकाड्यासकट. माझ्या भुवईत कळ गेली.

मंदार खिडकीत डोकं बाहेर काढून उभा होता. “हा कसला वास आहे हो? घाणच आहे,” तो म्हणाला. आणि मला विचाराल तर तो त्या खोलीत पहिल्यांदा हसला, म्हणजे आतून.

गोष्ट इथे गोड संपली असं मी म्हणणार नाही. तो अजूनही लिफ्टने येत नाही. कारखान्यातून त्याने बदली मागितली होती, ती अजून मिळालेली नाही. रोज त्याच वासांत जातो. पण मागच्या वर्षी एकदा राऊंडला असताना शंका येताच तो असा काही ओरडला की दोन खाती रिकामी झाली आणि नंतर कळलं, गटारावर कुणीतरी फिनेल ओतलं होतं. सगळे त्याला हसले. मला सांगताना तोही हसत होता, पण कान लाल होते. कदम मात्र हसला नाही म्हणे. आता मंदार दर शनिवारी आधी बोलतो, मग वाटलं तर आम्ही बसतो, डोळे उघडे ठेवून, खिडकी उघडी ठेवून. माझं डोकं दुखतं. दुखतंय असं मी त्याला सांगते.

आणि मी? आई अजून पलंगावरच आहे. मी अजून तिच्या आणि क्लिनिकच्या मध्ये आहे. डोंबिवली ते माजिवडा, माजिवडा ते डोंबिवली. कधी कधी घराच्या दाराशी चावी हातात घेऊन मी मिनिटभर उभी राहते, आत जावंसं वाटत नाही म्हणून. कितीही बैठका मारल्या तरी ते मिनिट टळलेलं नाही.

पण ज्या दिवशी खिडकी फुटल्यासारखी उघडली, त्या संध्याकाळी मी वाटी पर्समध्ये टाकून घरी आणली. बाई गेल्या. मी खोबरेल तेल कोमट केलं, आईच्या पायाशी बसले आणि तिच्या उजव्या तळव्यावर वाटी फिरवायला लागले. तळवा काळा पडेपर्यंत चोळायची असते ती. मी चोळत होते, चोळत होते. डोकं फुटत होतं.

“अगं हळू! सालपटं काढतेस की काय?”

“राग आलाय मला,” मी म्हणाले. माझा तो मऊ आवाज कुठे गेला कोण जाणे.

“कुणाचा?”

“तुझा.”

आईने माझ्याकडे बघितलं. मग उशीवर नीट टेकली आणि चादरीखालून दुसरा पाय जमेल तेवढा पुढे सरकवला.

“आलीस एकदाची,” ती म्हणाली. “आता हा घे.”